जुन्या मोटारसायकलला बाहेरचे ब्रेक पॅड: पॅडच्या आधी कॅलिपर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २००९ ची पल्सर १५०, पुढे डिस्क, मागे ड्रम. मूळ पॅड संपले म्हणून सोलापुरातच दुसऱ्या कंपनीचे पॅड घेतले आणि गॅरेजमध्ये बसवून घेतले. आता ब्रेक लावला की किंचाळतो, लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जातो, आणि पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबतं. काढलेल्या जुन्या जोडीत पिस्टनकडचा पॅड मागच्या लोखंडी पत्र्यापर्यंत झिजला होता, बाहेरचा निम्मा शिल्लक होता. नवे पॅड खराब निघाले का? शोरूमचेच घ्यायला हवे होते का?

याचं उत्तर त्या जुन्या जोडीतच आहे. एक पॅड संपलेला आणि दुसरा निम्मा, हे सरकत्या कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्याचं लक्षण आहे. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. लिव्हर दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पिना गंजल्या किंवा त्यांचं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं की हे सरकणं थांबतं. मग सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. तुमच्या गाडीला नवे पॅड बसवले, पण ज्या कॅलिपरने जुने पॅड वेडेवाकडे झिजवले तो तसाच राहिला. नवे पॅड जाड असल्यामुळे त्या अडकलेल्या कॅलिपरमध्ये आता जागाच उरलेली नाही, म्हणून चाक जड फिरतं. लिव्हर जास्त आत जातो, कारण कॅलिपर सरकत नाही तेव्हा लिव्हरची बरीचशी हालचाल कॅलिपर आणि डिस्क वाकवण्यात वाया जाते. पॅडवर संशय सगळ्यात शेवटी घ्या.

पॅड बदलणं म्हणजे बोल्ट काढा, जुने बाहेर, नवे आत, असं गॅरेजमध्ये पंधरा मिनिटांत उरकलं जातं. दोन-तीन वर्षांच्या गाडीला ते एखाद वेळ चालून जातं. पंधरा वर्षांच्या गाडीला चालत नाही. तिथे खरं काम कॅलिपर साफ करून मोकळा करण्याचं आहे आणि त्याला दीड-दोन तास द्यावे लागतात.

पॅड कोणते घ्यावेत

बाहेरचे म्हणजे हलके, हा समज सोडून द्या. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या ब्रेकचे भाग बहुतेक वेळा दुसऱ्या कारखान्यांकडून घेतात, आणि त्यातले काही कारखाने स्वतःच्या नावानेही पॅड विकतात. तेव्हा बघायचं ते दोन गोष्टींकडे: मटेरियल कोणतं आणि पत्रा बरोबर आहे का.

मटेरियल ढोबळमानाने तीन प्रकारचं मिळतं. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज कमी करतात, डिस्क कमी खातात, पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा चुरा मिसळलेला असतो; ते उष्णता जास्त सोसतात आणि जास्त टिकतात. सिंटर्ड पॅडमध्ये धातूची भुकटी दाबाखाली तापवून एकजीव केलेली असते. पाण्यात आणि भयंकर तापल्यावरही ते पकडतात, पण डिस्कला कठोर असतात आणि उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचवतात. तुमच्या २४० मिमीच्या जुन्या डिस्कला चांगल्या नावाचे ऑरगॅनिक किंवा सेमी-मेटॅलिक पॅड योग्य आहेत. गाडी मूळ ज्या प्रकारच्या पॅडसाठी बनली त्याच प्रकारात राहिलेलं बरं.

काही पॅडच्या पत्र्यावर किंवा पाकिटावर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: एफएफ, जीजी, एचएच वगैरे. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, आणि एच म्हणजे ०.५५ च्या वर. बरेच जण एचएच शोधत फिरतात. जुन्या गाडीला माझा सल्ला त्याच्या उलट आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं; तुमच्या गाडीला ते नाही. पुढचं टायर बारीक आहे. ऊसतोडीच्या हंगामात होटगी रोडला ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट असतं, डंपरमधून सांडलेली बारीक खडी असते, गावाकडच्या वळणावर मुरूम असतो. अशा जागी बोट लावताच कचकन पकडणारा पॅड पुढचं चाक लॉक करतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. एफएफ किंवा जीजी पॅड, मोकळा कॅलिपर आणि ताजं ऑइल या जोडीने गाडी व्यवस्थित थांबते. हवा तेवढाच ब्रेक लागणं हे जुन्या गाडीत जास्त मोलाचं आहे.

दुकानात जाताना जुना पॅड बरोबर न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅलिपर बदललेले असू शकतात, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून घेतलेला पॅड जवळजवळ बसतो, पण नीट बसत नाही. पत्र्यावर पत्रा ठेवून कडा जुळवा: कान किती बाहेर आलेत, पिनेचं भोक कुठे आहे, पत्र्याची जाडी तीच आहे का. मग नवा पॅड काउंटरच्या काचेवर पत्र्याच्या बाजूने उताणा ठेवा आणि बोटाने टोकं दाबून बघा. डुलला तर पत्रा वाकडा आहे, तो घेऊ नका. मटेरियलच्या कडेवर नख ओढा; भुगा पडला किंवा मटेरियल आणि पत्रा यांच्यात फट दिसली तर तो पॅड परत करा.

अजून एक बारकावा घरी आल्यावरचा. बाहेरच्या पॅडच्या पत्र्यावर रंगाचा थर बऱ्याचदा जाड असतो. पॅडचे कान कॅलिपरच्या खाचेत सैलसर सरकले पाहिजेत; रंगामुळे ते घट्ट बसतात आणि पॅड मागे येत नाही. पिस्टन न दाबता, नुसता पॅड खाचेत घालून हाताने पुढे-मागे करा. अडकत असेल तर कानांच्या फक्त कडांवरचा रंग बारीक कानशीने काढा. पत्र्याचा धातू घासू नका, कॅलिपरच्या खाचेला तर कानस लावूच नका.

डिस्क

डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. या वर्गातल्या बऱ्याच डिस्क नव्या असताना ४ मिमीच्या आसपास असतात आणि मर्यादा साधारण ३.५ मिमीची असते. तुमच्या डिस्कवर जो आकडा असेल तोच खरा. मोजताना एक फसगत होते. पॅड जिथे घासतो तो पट्टा झिजतो आणि बाहेरची कड उंच राहते. व्हर्नियर कडेवर टेकला तर झिजलेली डिस्कही जाड दिसते. उपाय सोपा आहे: सारख्या जाडीची दोन नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना झिजलेल्या पट्ट्यावर एकेक धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. असं चार-पाच ठिकाणी करा. मर्यादेखाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड बसवणं म्हणजे पैसे आणि पॅड दोन्ही वाया घालवणं. पातळ डिस्क लवकर तापते, आणि पॅड झिजत गेले की पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर येऊन त्याच्याभोवतीच्या रबरी सीलच्या बाहेर सरकण्याचा धोका असतो.

डिस्क वाकडी आहे का ते बघण्यासाठी फोर्कला एक ताठ तार बांधा, तिचं टोक डिस्कच्या अगदी जवळ आणा आणि चाक सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होते ती फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.३ मिमीच्या वर फरक असेल तर लिव्हरमध्ये धडधड जाणवणारच. पण आधी चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बेअरिंगमधला सैलपणा तपासा. बेअरिंग गेलेलं असताना चांगली डिस्कही वाकडी वाटते.

डिस्क ठीक असेल तर तिच्यावरचा जुन्या पॅडचा थर काढावाच लागतो. पॅड पकडतो तो नुसता लोखंडाला घासून नाही. त्याच्या मटेरियलचा एक पातळ थर डिस्कवर बसतो आणि पॅडला पकड मिळते ती बरीचशी या थरावर. जुन्या पॅडचा थर एका जातीचा आणि नवा पॅड दुसऱ्या जातीचा असला की पकड कमी आणि किंचाळणं जास्त. तुमच्या आवाजाचं एक कारण हेही असू शकतं. १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू लहान लहान गोल फिरवत घासा, चमक जाऊन मंद राखाडी रंग येईपर्यंत. मग साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा आणि शेवटी ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांपैकी काहीही नको. ते वाळलं तरी तेलकटपणा मागे राहतो आणि कॅलिपरच्या रबराला लागलं तर रबर फुगतं.

कॅलिपर उघडताना

गाडी सपाट जमिनीवर सेंटर स्टँडला लावा. हँडल असं वळवा की ब्रेक ऑइलची डबी सपाट येईल. टाकी आणि मडगार्डवर ओला कपडा टाका, कारण ब्रेक ऑइल रंग उचकटवतं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. डबीच्या झाकणाचे स्क्रू वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे अडकलेले असतात. बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर हातोडीने एक-दोन हलके टोले द्या आणि मग दाबून फिरवा, म्हणजे खाच गोल होणार नाही.

पॅडची पिन काही कॅलिपरांत एलन कीची असते, काहींत क्लिपची. ती कॅलिपर गाडीवर असतानाच सैल करून घ्या. हातात आलेल्या कॅलिपरमधली घट्ट पिन सुटता सुटत नाही. मोबाइलवर दोन फोटो काढा, विशेषतः पॅडच्या वरच्या पत्र्याच्या स्प्रिंगचा. ही स्प्रिंग उलटी बसली तर पॅड खडखडतात आणि तिरके झिजतात. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढा. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, सुतळीने फोर्कला बांधा. कॅलिपर बाहेर असताना, पुढे सांगितलंय त्या एका वेळेखेरीज, लिव्हरला कोणी हात लावू नये.

आतली घाण ओल्या फडक्याने आणि ब्रशने काढा. हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ छातीत जाते.

आता मुख्य काम. नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. बाहेर आलेल्या पिस्टनवर कित्येक वर्षांची धूळ, गंज आणि काळ्या मातीचा चिखल बसलेला असतो. तसाच ढकलला तर ही सगळी घाण सीलखाली जाते. पिस्टनचं सील चौकोनी काटछेदाचं असतं. लिव्हर दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिरगळतं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे ओढतं. डिस्क ब्रेकला मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग नसते. पॅड सुटतात ते या सीलच्या जोरावर. सीलच्या खाचेत घाण किंवा पांढरा क्षार साचला की सील पिस्टनला मागे ओढत नाही आणि ब्रेक घासत राहतो. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याने गाड्या धुतल्या जातात, त्यामुळे हा पांढरा क्षार बऱ्याच कॅलिपरांत सापडतो.

म्हणून आधी पिस्टन थोडा आणखी बाहेर काढा. कॅलिपरमध्ये डिस्कच्या जागी लाकडाची पट्टी धरा, म्हणजे पिस्टन सुटून पडणार नाही, आणि लिव्हर हळूहळू दाबत पिस्टन ५ ते ८ मिमी बाहेर आणा. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन तो सगळीकडून घासा. मागची बाजू दिसत नाही तिथे कपड्याची पट्टी पिस्टनभोवती गुंडाळून बूट पॉलिश करतात तशी दोन्ही हातांनी ओढा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नका. वरचा मुलामा गेला की गंज तिथूनच सुरू होतो. धुऊन, कोरडं करून पिस्टनवर ताज्या ब्रेक ऑइलचा हात फिरवा.

मग तो आत ढकला. जमल्यास अंगठ्यांनी, नाहीतर जुना पॅड मध्ये धरून जी-क्लॅम्पने सावकाश. स्क्रू ड्रायव्हर खुपसून पिस्टनला तिरकं रेटू नका. दोन पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा धरून ठेवा, तो बाहेर येतो. दाबण्याआधी कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून निपल थोडं उघडलं तर कॅलिपरमधलं काळं ऑइल नळीवाटे बाहेर जातं, लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरकडे (ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडे) उलटं ढकललं जात नाही. पिस्टन आत गेला की लगेच निपल बंद करा. क्लॅम्पनेही पिस्टन सहज आत जात नसेल, किंवा त्याच्यावर नखाला लागणारे खड्डे असतील, तर साफसफाईने भागणार नाही. सील किट आणि गरज पडल्यास नवा पिस्टन घाला.

तुमच्या तक्रारीचं मूळ असलेल्या सरकत्या पिना आता बाहेर ओढा. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिनेवरचा वरवरचा गंज बारीक पेपरने काढा, आणि ती जिथे सरकते ते भोकही कापडाच्या वातीने साफ करा. पिनेवरचं रबरी बूट फाटलं असेल तर बदला; पिनेचा शत्रू पाणी आणि ते फाटक्या बुटातूनच शिरतं. ग्रीस सिलिकॉनचंच घ्या. बेअरिंगला वापरतात ते पिवळं-हिरवं ग्रीस खनिज तेलाचं असतं. त्याने बूट फुगतं आणि पिन पुन्हा आवळली जाते. गॅरेजमध्ये नेमकं हेच ग्रीस हाताशी असतं, म्हणून स्वतः उभं राहून बघा. प्रमाण थोडंच: पिनेवर सगळीकडे पातळ थर. भोक ग्रीसने भरून टाकलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. बसवल्यावर कॅलिपर एका हाताने आडवा सरकला पाहिजे.

पॅड ज्या पिनेवर लटकतात तिच्यावरून नख फिरवा. पॅडने पाडलेली पायरी लागली तर पिन बदला. त्या पायरीत पॅड अडकतो, आणि नव्या पिनेला फार खर्च येत नाही.

बसवणं

पॅडच्या पाठीवर, पिस्टन टेकतो तेवढ्याच जागी, ब्रेकसाठी मिळणाऱ्या तांब्याच्या किंवा सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात फिरवा. समोरच्या बाजूला काही लागू देऊ नका, बोटांचा तेलकटपणासुद्धा. जुन्या पॅडमागे पातळ पत्र्याची शिम असेल तर ती साफ करून परत लावा. ती फेकून दिली की आवाज सुरू होतो.

कॅलिपर डिस्कवर चढवताना पॅड दोन्ही बाजूंना बसलेत ना ते वाकून बघा. आवळायचा जोर असा: ८ मिमीच्या माउंटिंग बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, पॅडच्या स्क्रूच्या पिनेला १७-१८, निपलला ५-६. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. निपल जोरात आवळून मोडलेले कॅलिपर कमी नसतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर दाबा, पुन्हा पुन्हा दाबा, कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिले काही दाब रिकामे जातात. गल्लीतून गाडी बाहेर काढली, चौकात लिव्हर दाबला आणि तो थेट हँडलला टेकला, असे अपघात पॅड बदलल्या दिवशीच होतात. लिव्हर कडक झाल्यावर ऑइलची पातळी बघा. नवे पॅड असताना ती वरच्या खुणेजवळ हवी, खुणेच्या वर नको.

चाक फिरवून बघा. बारीक सुरसुर आवाज चालतो. एखादी फेरी तरी सहज पूर्ण झाली पाहिजे.

ऑइल आणि हवा

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, अगदी सोलापूरच्या कोरड्या हवेतही. डबीतल्या ऑइलचा रंग मधासारखा सोडून चहासारखा झाला असेल तर आत्ताच बदला. दर दोन वर्षांनी बदलणं हा चांगला नियम आहे. झाकणावर लिहिलेलं असेल तेच वापरा, बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू कमीत कमी २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पाणी शिरल्यावर तेच अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. तुळजापूरचा घाट उतरताना मागे माणूस आणि पिशव्या असल्या आणि कॅलिपर घासत असला, तर जुनं ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. लिव्हर अचानक मऊ पडतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळू नका. डॉट ५.१ हे मात्र डॉट ४ च्याच जातीचं आहे. सीलबंद छोटी बाटली घ्या. पुढच्या ब्रेकला १०० ते १५० मिली पुरतं. उघडलेली बाटली वर्षभर ठेवून वापरू नका.

हवा काढताना ८ मिमीचा रिंग पाना निपलवर, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, ऑइल येईल, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. डबीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर वरून नवी हवा शिरते. जुन्या गाडीत एक काळजी जास्तीची घ्यावी लागते: लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबू नका, मध्ये लाकडाचा तुकडा धरा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज ठरावीक अंतरच चालतो. त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. सील त्यावरून गेलं की फाटतं, आणि मग पॅड बदलताना बरा असलेला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी बसतो.

बुडबुडे संपले तरी लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर तो दाबून रबराच्या पट्टीने रात्रभर बांधून ठेवा. वर अडकलेले बारीक बुडबुडे डबीत चढतात. तरीही मऊच असेल तर रबरी पाइप बघा. एकाने लिव्हर जोरात दाबायचा, दुसऱ्याने पाइप मुठीत धरायचा. तो फुगल्याचं हाताला जाणवलं तर बदला. २००९ चा मूळ पाइप असेल तर मी तो न तपासताच बदलायला सांगेन.

चाक घासत असेल तर दोष पाइपकडे की कॅलिपरकडे हे ओळखायची एक चाचणी आहे. चाक अडकलेलं असताना निपल क्षणभर उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब वर कोंडतोय: पाइप आतून मिटलाय किंवा मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक गाळाने बुजलंय. निपल उघडूनही चाक तसंच जड राहिलं, तर दोष कॅलिपरमध्येच आहे, पिस्टन किंवा पिना. तुमची जुनी जोडी बघता मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण निपल उघडायला मिनिट लागत नाही, बघून घ्या.

पॅड मुरवणं

नवा पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाही. त्याचा थर डिस्कवर बसवावा लागतो. सात रस्ता चौकाच्या गर्दीत हे होत नाही. सकाळी लवकर शहराबाहेर मोकळा सरळ रस्ता गाठा. ताशी ५० च्या वेगावरून पुढच्या ब्रेकने ठाम पण चाक न अडकवता १५ पर्यंत या, पुन्हा वेग घ्या, तीन-चारशे मीटर गेल्यावर पुन्हा. असं दहा-बारा वेळा. मध्ये पूर्ण थांबून लिव्हर दाबून धरू नका. गरम पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक धडधडतो. नंतर ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर गाडी चालवून सगळं थंड होऊ द्या. पुढचे १५०-२०० किमी अंतर जास्त ठेवून चालवा. लिव्हर हलका दाबून लांबवर घसटत नेण्याची सवय नव्या पॅडला मारक आहे: पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि ब्रेक लागतच नाही. तसं झालं तर काचेवर १२० चा पेपर पसरून पॅड त्यावर सपाट घासा आणि पुन्हा मुरवा.

तेल प्यायलेला पॅड मात्र फेकूनच द्या. तो तापवून, पेट्रोलने धुऊन वाचत नाही. तेल मटेरियलच्या आत गेलेलं असतं आणि पुढच्या वेळी गरम झाल्यावर बाहेर येतं. तेल बहुधा दोन ठिकाणांहून येतं: फोर्कच्या गळक्या सीलमधून, किंवा वॉशिंग सेंटरवर. तिथे गाडीवर डिझेल मारतात आणि धुऊन झाल्यावर चमकीसाठी तेलाचा फवारा देतात. डिस्कवर यातलं काही मारू नका असं गाडी देतानाच सांगा, आणि प्रेशरचं पाणी पिनांच्या बुटांवर धरू देऊ नका.

आवाजावरून बऱ्याच गोष्टी कळतात. ब्रेक सुटता सुटता बारीक किंचाळणं म्हणजे कंप: पाठीवरची पेस्ट, शिम किंवा डिस्कवरचा जुना थर. लिव्हर न दाबताही येणारी खरखर म्हणजे घासणं, कॅलिपर पुन्हा बघा. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज म्हणजे पत्रा डिस्कला लागला. तिथेच गाडी थांबवा, कारण आता डिस्क जाते. खड्ड्यात खडखड म्हणजे स्प्रिंग वाकली किंवा राहून गेली.

५०० किमीनंतर माउंटिंग बोल्ट पुन्हा पाना लावून तपासा. १००० किमीनंतर दोन्ही पॅडची जाडी टॉर्च मारून बघा. दोन्ही सारखे झिजत असतील तर पिना चालताहेत. आतला पुन्हा पुढे पळत असेल तर पिनांची भोकंच झिजली आहेत, आणि तिथे ग्रीसने भागत नाही, कॅलिपरचा ब्रॅकेट बदलावा लागतो. मटेरियल १.५ मिमीवर आलं किंवा त्याच्यावरची खूणखाच दिसेनाशी झाली की पुढची जोडी आणा, आणि कधीही एकच पॅड बदलू नका.